आडाळ्यानं ऐकलेलं गाऱ्हाणं

मित्रांनो, माझ्यावर कुणी बसल्याशिवाय माझा काही उपयोग नाही. मी आडाळो आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. तुमच्या घरी मला विळी म्हणत असतील. बसायला फणसाची फळी, पुढे उभं लोखंडी पातं आणि पात्याच्या शेंड्यावर नारळ खवायची दातेरी चकती, एवढाच माझा देह. माझ्यामागून मिक्सर आले, खवायची यंत्रं आली, तरी मी अजून या घरात आहे. का आहे ते सांगायचं तर दीपिकाबद्दल सांगावं लागेल, कारण माझं बरंचसं आयुष्य तिच्या हाताखाली गेलं.

माझं पातं कसालच्या बाजारात एका लोहारानं तापवून ठोकलं. मथुरा नावाची बाई मला विकत घ्यायला आली, तेव्हा तिनं पात्याची धार आधी पाहिलीच नाही. मला भर रस्त्यात जमिनीवर ठेवलं आणि माझ्यावर बसून डावी-उजवीकडे डुलून पाहिलं. लोहाराला हसू आलं.

"हसतस काय?" ती म्हणाली. "रोज बसूचा माका आसा, तुका नाय."

तशी मी तिच्याबरोबर मिठबावच्या बाजूला, खाडीजवळच्या एका वाडीत आलो. चिऱ्याचं घर, पुढे पडवी, पडवीपुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्याच्या कडेला, कुंपणाच्या मेरेवर, राखणदाराचा, वाडी सांभाळणाऱ्या देवाचा पाषाण. मथुरेचा नवरा बोटीवर खलाशी होता. तो लवकर गेला. मागे दोन मुलं राहिली, थोरला विनीत आणि त्याच्या पाठची दीपिका.

दीपिका उशिरा बसली, उशिरा चालली, बोलली तर त्याहून उशिरा. डॉक्टर म्हणाले, हिची समज हळूहळू वाढेल, काही गोष्टी कधीच जमणार नाहीत, काही जमतील. वाडीला एवढं लांबलचक ऐकायला वेळ नव्हता. वाडी एका शब्दात मोकळी झाली, "येडा." मथुरेनं तो शब्द खळ्याच्या आत येऊ दिला नाही. कुणी बोललंच तर ती हातातलं काम ठेवून त्याच्याकडे नुसती बघत राहायची. माणूस आपोआप दुसरा विषय काढायचा.

दीपिका मोठी झाली, तिच्या वयाच्या पोरींची लग्नं झाली, तेव्हा मथुरेनं एक दिवस तिला माझ्यावर बसवलं. हातात नारळाची वाटी दिली आणि स्वतःचे हात तिच्या हातांवर ठेवले. "बोट पुढे न्हेव नको. वाटी फिरव. बोट गप, वाटी फिरता." हे तिनं किती वेळा सांगितलं असेल, मलाच ठाऊक. एक दिवस बोट पुढे गेलंच. माझ्या दात्यांना रक्त लागलं. शेजारपाजार धावून आला. हिला कशाला धारदार वस्तू द्यायची, म्हणून सगळ्यांनी मथुरेला झाडलं. मथुरेनं चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी दीपिका आपणहून माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा मथुरा बाजूला सरकली. "बस. माका पण लागला होता," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, आईला हे करताना काय होतं ते मला कुणी सांगायला नको. तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती चुलीतली राख उगाच पुढेमागे ओढत होती.

पुढे दीपिकाचा हात बसला. वाडीत रोझालिना नावाची बांद्याहून लग्न होऊन आलेली बाई होती. किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती खानावळ चालवायची. तिच्या माशाच्या सारासाठी दीपिका रोज सकाळी नारळ खवून द्यायची. रोझालिना भांडं न्यायला यायची, खोबरं चिमटीत धरून बघायची आणि म्हणायची, "माझ्या सुनेक दाखवतंय ह्या. ती करवंटीसकट खवता."

मला त्या दिवसांत मोठा अभिमान वाटायचा. वाटायचं, मी आहे म्हणून या पोरीला किंमत आहे.

महिन्यातून एकदा दीपिका आईबरोबर एस.टी.नं कसालला जायची. तिथं दिव्या नावाची बाई दीपिकासारख्या मोठ्या माणसांना एकत्र बसवायची. "थय पोरा नसतत," दीपिका मला खवता खवता सांगायची. "सगळी मोठी." पहिल्या दिवशी दिव्यानं विचारलं, चहा घेशील की सरबत? मथुरेनं सवयीनं सांगितलं, चहा. दिव्या म्हणाली, "काकी, मी तिला विचारलं." मग सगळे थांबले. दीपिकाला वेळ लागला. कुणी खोकलं, बाहेर गाडी गेली, पंखा फिरत राहिला. शेवटी ती म्हणाली, "सरबत. चा माका आवडना नाय."

जन्मभर मथुरेनं तिला दोन वेळा चहा दिला होता.

मथुरा गेली ती गेल्या वर्षी, दोन दिवसांच्या तापात. विनीत ठाण्याहून बायकोला, संचिताला घेऊन आला. दिवसकार्य झालं आणि रजा संपली म्हणून दोघं परत गेली. रोझालिना रात्री दीपिकाकडे झोपायला येऊ लागली. दीपिका घर झाडायची, मांजराला घालायची, नारळ खवायची, संध्याकाळी मालिका बघायची. मथुरेनं फोनवर माणसांचे फोटो लावून दिले होते. विनीतच्या फोटोवर ती रोज बोट ठेवायची. विनीत कधी उचलायचा, बहुतेक वेळा उचलायचा नाही.

मग या उन्हाळ्यात विनीत पुन्हा आला, आणि आल्या आल्या मला कळलं की काहीतरी ठरवून आला आहे. तो पडवीत बसला तरी त्याची चप्पल पायातच होती.

"घाटावर एक संस्था आहे," तो रोझालिनाला म्हणाला. दीपिका माझ्यावर बसून खवत होती, चार हातांवर. "जागा मिळत नव्हती, आता मिळालीय. स्वच्छ आहे, डॉक्टर आहेत. सोमवारी गाडी येईल."

"तिका सांगलंस?" रोझालिनानं विचारलं.

"तिला सांगून काय कळणार आहे मावशी? उगाच घाबरेल." मग त्यानं आवाज उतरवला. "परवा समोरच्या बिल्डिंगमध्ये गॅस लिक झाला. मी रात्रभर झोपलो नाही. इथं काही झालं तर मी कुठून पोचणार?"

विनीत वाईट माणूस नव्हता. तो घाबरलेला होता. घाबरला की तो मालवणी सोडून ऑफिसातलं मराठी बोलायचा.

संचिता आतून आली. "ती तिखट खाते का हो? संस्थेत विचारत होते."

रोझालिनानं दीपिकाकडे हात केला. "तोंड थय आसा. विचार तिका."

संचिता ओशाळली, पण विचारलं नाही. दीपिकाच्या हातातली वाटी थांबली होती. तिनं "घाट" हा शब्द ऐकला होता आणि "सोमवार"ही.

आमच्याकडे मोठ्या कामाला हात घालण्याआधी राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. वाडीतला जाणता माणूस देवाशी मोठ्यानं बोलतो, घरच्यांची सुखदुःखं त्याच्या कानावर घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. आमच्या वाडीचं गाऱ्हाणं गुरुदासकाका घालायचे, दीपिकाच्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांच्या तोंडून ते नदीसारखं वाहायचं, आणि माणसं "होय म्हाराजा" म्हणताना मनात उद्याच्या माशांचा विचार करायची. माझ्या ऐकण्यात तरी वाक्य तोलून मग होय म्हणणारा कुणी आला नव्हता.

शनिवारी सकाळी विनीतनं नारळ आणला. सगळे पाषाणासमोर उभे राहिले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली.

"होय म्हाराजा."

"आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"मथुराचो झील ठाण्यासून इलो आसा, तेच्या नोकरीधंद्यात बरकत दी म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"मथुराचा चेडू सोमवारी घाटार जाता आसा. तेका थय सुखात ठेव आणि पाठच्यांचो घोर दूर कर म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज दीपिकाचा होता. गाऱ्हाण्यात आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळतो, कुणी थांबवत नाही, कुणी हसत नाही, म्हणून तिला लहानपणापासून ते आवडायचं.

नारळ फुटला. दीपिका प्रसादाचं खोबरं खवायला माझ्यावर बसली. विनीत समोर येऊन उकिडवा बसला, खूप हलक्या आवाजात बोलला. "दीपू, तू पण होय म्हणालीस ना आता? सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मग झालं तर. सोमवारी जायचं."

माझ्यावरचं तिचं वजन बदललं. ती पुढे झुकली होती, ती सरळ बसली.

"ता गाऱ्हाणा होता," ती म्हणाली.

"हो, आणि तू होय म्हणालीस."

"सगळी म्हणतत."

"देवासमोर म्हणालीस, दीपू. आता नाही म्हणायचं नसतं."

तिचं तोंड उघडलं. तिला वेळ हवा होता, आणि विनीतनं तो दिला नाही. तो उठला, तिच्या खांद्यावर थोपटलं, आणि खोबरं अर्धं राहिलेलं असताना तिला हाताला धरून उठवलं. मला धुवून, पुसून, गोणपाटात गुंडाळून पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. "मावशी, हा तुम्ही घेऊन जा. संस्थेत पातं चालत नाही." रोझालिनानं मला उचललं नाही. "ऱ्हवांदे थयच," म्हणाली.

मित्रांनो, गोणपाटाच्या आतून जग विरळ दिसतं आणि जास्त ऐकू येतं. आत कपाट उघडल्याचं ऐकू आलं, पिशवीची चेन ओढल्याचं ऐकू आलं. ताट सरकवल्याचं ऐकू आलं आणि संचिता म्हणाली, "खा ना ग थोडं." दीपिका जेवली नाही. त्या दुपारी नाही आणि संध्याकाळीही नाही.

रोझालिनानं पडवीत उभं राहून दिव्याला फोन लावला. दिव्याचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण रोझालिना ऐकता ऐकता चिडत गेली. "म्हणजे तू येवचं नाय? ... येशीत, पण बोलूचं नाय? ... मगे कोण बोलतला?" मग तिनं फोन ठेवला आणि आत जाऊन दीपिकाजवळ खाटेवर बसली.

"दिव्या म्हणता, मी येवन तुझ्या वतीन बोललंय तर ता परत तसाच झाला. तुकाच विचारूक सांगल्यान. काय करूया गो, बाय?"

आत काही हललं नाही. मग खाटेच्या दोऱ्या कुरकुरल्या आणि दीपिका बाहेर आली. तशीच, पायात चप्पल न घालता, खळं ओलांडून गुरुदासकाकांच्या घराकडे गेली. त्यांचं घर मेरेला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काका, गाऱ्हाणा परत घेवा."

"कसला गाऱ्हाणा?"

"सकाळचा. माझा होय परत घेवा."

काका हसले, पण वाईट नाही हसले. "घातलेला गाऱ्हाणा परत घेवचा नसता गो. देव काय दुकानदार आसा, माल परत करूक? बदलूचा आसात तर दुसरा घालूचा लागता."

"मगे घाला."

"मी कसो घालू? घरचो कर्तो विनीत. तो सांगात तर घालतंय."

"मी सांगतंय."

दीपिका तिथंच उभी राहिली. ती उभी राहिली की हलत नाही, हे मला माहीत होतं, काकांना तेव्हा कळलं. शेवटी ते म्हणाले, "विनीताचा मन मोडून मी नारळ ठेवूचंय नाय, बाय. माका राग येवा नको."

"मगे मी घालतंय," दीपिका म्हणाली.

आमच्या वाडीत कुठल्याही बाईनं गाऱ्हाणं घातलेलं मी ऐकलं नव्हतं. दीपिकानं तर सलग चार वाक्यं बोललेलीही मी फारशी ऐकली नव्हती. काका म्हणाले, "जा, जेव आधी," आणि दार लोटलं.

रविवारभर ती ओठ हलवत होती. पडवीतून इकडे तिकडे जाताना तिचं पुटपुटणं जवळ यायचं, लांब जायचं. एखाद्या शब्दावर ती अडखळायची, परत सुरुवातीला जायची. विनीत संचिताला म्हणाला, "बघ, कशी अस्वस्थ झालीय. म्हणून सांगतो, तिथं डॉक्टर बरे." संचिता म्हणाली, "ती काहीतरी पाठ करतेय रे." विनीतनं ते ऐकून सोडून दिलं. मला मात्र ठोका चुकल्यासारखं झालं. आडाळ्याला ठोका नसतो, पण काय म्हणायचं दुसरं?

सोमवारी उन्हं वर येतायत तोच गाडी आली. चालक गावाकडचाच होता, देवेश नावाचा. त्यानं कुंपणाबाहेर गाडी वळवून ठेवली आणि एकदा हॉर्न दिला. विनीतनं दीपिकाची बॅग उचलली. "दीपू, चल."

दीपिका आतून आली ती हातात नारळ घेऊन. गाडीकडे न जाता ती मेरेकडे गेली आणि पाषाणासमोर नारळ ठेवून उभी राहिली. रोझालिना भांडं घेऊन आली होती, ती खळ्याच्या तोंडाशीच थांबली. काका त्यांच्या दारात दात घासत होते.

"दीपू, आता उशीर होतोय. घाट दिवसा चढू दे," विनीत म्हणाला.

"देवा म्हाराजा," दीपिका म्हणाली.

तिचा आवाज खूप मोठा होता. पाठीमागून कुणीच काही म्हणालं नाही. गाऱ्हाण्यात पहिल्या वाक्यानंतरची ती शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. इतकी वर्षं तिथं नेहमी माणसांचा आवाज असायचा.

"मी दीपिका," ती म्हणाली. "मथुराचा चेडू."

विनीत पुढे झाला. "दीपू, पुरे आता."

"शनिवारी काकांनी तुका सांगल्यानी, मी घाटार जातंय." ती थांबली. शब्द येईना. तिचा हात हवेत वाटी फिरवल्यासारखा फिरला, पुन्हा फिरला. विनीतनं तिचा दंड धरला, तरी ती म्हणाली, "मी होय म्हटलंय. सगळी म्हणतत, म्हणान म्हटलंय. माका कोणी विचारूक नाय."

"होय म्हाराजा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ते काका होते. ब्रश हातात, ओठांना फेस, आणि त्यांचा त्यांनाच अचंबा वाटत होता. जन्मभर त्यांनी गाऱ्हाणी घातली, होकार दिला तो इतरांनी. त्यांनी ब्रश भिंतीवर ठेवला, तोंड पुसलं आणि मेर ओलांडून दीपिकाच्या मागे येऊन उभे राहिले. "दंड सोड रे तिचो," विनीतला म्हणाले. "गाऱ्हाणा चालू आसा."

विनीतनं दंड सोडला.

"माका घाटार जावचा नाय म्हाराजा," दीपिका म्हणाली.

"होय म्हाराजा," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रोझालिनाचा आवाज होता, आणि कुंपणापलीकडून देवेशचाही. तो लगेच विनीतकडे बघून खजील झाला. "सवय झाली हो," म्हणाला. रोझालिना पुटपुटली, "माझो देव वेगळो आसा, पण होय म्हणूक काय जाता."

"माका हय भय वाटता. रातीचा. आवशीची आठवण येता. पण भय थय पण वाटतला."

"होय म्हाराजा." या वेळी संचिताही होती. तिनं डोळे मिटले होते.

"आणि माझे नारळ, ता सांग देवाक," रोझालिनाला राहवलं नाही. "तू गेलंस तर माझी अख्खी खानावळ बसात. ता सांग, म्हणजे विनीताक पण कळात."

गोणपाटात माझा जीव वर आला. मला वाटलं, आता माझं नाव येणार. मीच तिला वाचवणार.

दीपिकानं मान हलवली. "ता नको," ती म्हणाली. मग पाषाणाकडे वळून, सावकाश, एक एक शब्द उचलून ठेवावा तशी बोलली. "नारळ खवलंय नाय, तरी मी हयच ऱ्हवतलंय म्हाराजा. माझा घर आसा."

मित्रांनो, माझी सारी घमेंड त्या एका वाक्यात खाली बसली. मी समजत होतो, माझ्यामुळे ती कुणीतरी आहे. कामाला येते म्हणून ती राहावी, असं मी धरून चाललो होतो, रोझालिना धरून चालली होती. दीपिका तसं धरून चालत नव्हती. काम येवो न येवो, आपल्या घराबद्दल आपल्याला विचारलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

काकांनी होकार दिला. पण आता सगळे विनीतकडे बघत होते. गाऱ्हाण्यात घरच्या माणसाचा आवाज लागतो. विनीत बॅग हातात घेऊन उभा होता. बॅगेचा पट्टा तो बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"विनीतदादाक पण भय वाटता," दीपिका देवाला सांगत होती. "तेका झोप येवंदे म्हाराजा."

काका गप्प राहिले. रोझालिनाही. आता मात्र कुणी घाई केली नाही. मेरेवर एक कावळा बसला, उडाला. बॅग खाली टेकल्याचा आवाज आला.

"होय म्हाराजा," विनीत म्हणाला. अगदी हळू.

नंतर तो खळ्यातच खाली बसला. बऱ्याच वेळानं त्यानं दीपिकाकडे बघून विचारलं, आणि कित्येक दिवसांनी मालवणीत विचारलं, "दीपू, ताप इलो तर काय करशीत?"

"मी आसंय ना," रोझालिना म्हणाली. "आम्ही बघू," काका म्हणाले. संचितानं दोघांना हातानं थोपवलं. ती दीपिकाजवळ येऊन बसली आणि वाट बघू लागली.

"रोझालिनामावशेक हाक मारतलंय," दीपिका म्हणाली. "ती नसली तर तुका फोन. तू उचलूक व्हयो."

देवेश कुंपणाकडे तोंड करून हसला. विनीत हसला नाही. त्यानं खिशातून फोन काढला, तिच्या हातात दिला. "आवाज मोठो कसो करूचो ता बघ हय," म्हणाला, आणि मग त्यालाच जाणवलं की फोन त्याचा आहे, आवाज त्यानंच मोठा ठेवायचा आहे.

सगळं त्या सकाळी सुटलं नाही. गॅस ती एकटी असताना लावायचा नाही, असं ठरलं. ते दीपिकालाही पटलं, गॅसची तिला भीतीच वाटते. रात्रीचं कोण, पावसाळ्यात काय, यावर वादही झाले. चतुर्थीला विनीत येईल तेव्हा पुन्हा बोलायचं, आणि बोलताना दीपिका बसलेली असेल, असं ठरलं. गाडी रिकामी गेली. संस्थेला विनीतनं स्वतः फोन करून सांगितलं. ती माणसंही चांगली होती, म्हणाली, "तिचं तिनं सांगितलं ना? मग उत्तम."

संचितानं गोणपाट सोडलं आणि मला उन्हात ठेवलं. दीपिकाचा नारळ फुटला. प्रसाद खवायला सगळ्यांना मीच आठवलो होतो. पण दीपिका दमून खळ्यात पसरली होती. रोझालिनानं भांडं पुढे केलं, "ऊठ गो, पाहुणे येतले."

"आज नको," दीपिका म्हणाली.

रोझालिना कुरकुरली, सायबाला, म्हणजे तिच्या देवाला, हाका मारल्या आणि स्वतःच माझ्यावर बसली. दीपिका पाय पसरून आभाळाकडे बघत राहिली. मला कुणाचा राग आला नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी, शाळेत असं कुणी असेल ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, तर त्याच्याऐवजी तुम्ही उत्तर देऊ नका. त्यालाच विचारा, त्याच्याकडे बघून विचारा. आणि विचारून झालं की मित्रांनो, गप्प बसा. फार नाही, एखादी एस.टी. रस्त्यावरून निघून जाईल एवढा वेळ. उत्तर वाटेत असतं.